सोळाची रेघ

९ मार्च

थोरले,

या पत्राला तीन वर्षं उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. मधल्या काळात चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. दोनांत शिव्या जास्त होत्या, दोनांत रडगाणं. तुझा घरचा पत्ता माझ्याकडे नाही. तुझ्या भावाकडे आहे, पण मागितला तर तो कारण विचारेल. म्हणून तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. पाकिटाला चिकटपट्टी दोनदा लावली आहे. तुमच्याकडे कागद वाटत फिरणारा कुणी शिपाई असेलच, त्याला माझा नमस्कार सांग आणि मी त्याच्यावर संशय घेतला म्हणून रागावू नको म्हणावं. एकतीस वर्षं शाळेत मी तेच काम केलं. कुठली पाकिटं फोडावीशी वाटतात ते मला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. काल आपल्या खालच्या शाळेच्या फाटकावर कागद लागला. चौथीच्या मुलांनी मोठ्या चाचणीत सरासरीने चाळीसपैकी चौदा मार्क मिळवले. किमान सोळा हवे होते. म्हणून शाळा लाल गटात. पुढच्या वर्षी ती बंद करून मुलांना टेकडीवरच्या शाळेत पाठवायचा विचार आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर वीस एप्रिलला सुनावणी. खाली शिक्का आणि शिक्क्यावर सही.

सही तुझी. पहिलीत असताना तू शेवटच्या अक्षराला शेपूट काढायचीस आणि मास्तर ओरडायचे. ते शेपूट अजून आहे.

मी फाटकापाशी किती वेळ उभा होतो कोण जाणे. आपल्या बाई, म्हणजे आताच्या हेडबाई, आतून आल्या आणि म्हणाल्या, "मामा, कागद वाचून झाला असेल तर बाजूला व्हा, पोरांना आत येऊ द्या." मी त्यांना सांगितलं नाही की सही कुणाची आहे. त्यांना माहीत असणार. त्या काही बोलल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं.

थोरले, तुला लाज कशी वाटली नाही? कुठे बसून सही केलीस? तिथल्या खिडकीतून ही गल्ली दिसते का? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. इथली अर्धीअधिक पोरं धुलाई कारखान्यात राबणाऱ्यांची. तुझी वहिनी पहाटे पाचला इस्त्रीवर जाते, तुझा भाऊ बॉयलरवर. त्यांची टकळी आता चौथीत, ती आपली आपण उठते, आपली आपण वेणी घालते, आणि ती वेणी डावीकडे एक आणि उजवीकडे दीड अशी असते. तिच्या वर्गात बावीस मुलं. त्यांतली नऊ वर्षाच्या मध्यात आलेली, कारण आईबापांनी घर बदललं. सहा तिसरीत आली तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. बाईंनी त्यांना वाचायला शिकवलं. आज ती अडखळत का होईना, वाचतात. टेकडीवरची पोरं वाचता येत असतानाच पहिलीत येतात, घरी शिकवणीवाला, शेल्फभर पुस्तकं. मग त्यांना बत्तीस आणि आम्हाला चौदा मिळाले तर त्यांची शाळा चांगली आणि आमची वाईट हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? उद्या इस्पितळात आजारी माणसं फार आहेत म्हणून इस्पितळाला टाळं लाव आणि जिमखान्याला बक्षीस दे.

मी सहावीपर्यंतच शिकलो, पण एवढं मलाही कळतं. तुला का कळत नाही?

गॅसची नळी बदलून घेतलीस का? ती दर दोन वर्षांनी बदलायची असते.

तुझा बाप


२१ मार्च

थोरले,

बारा दिवस झाले. पत्र पोचायला तीन, तू वाचायला एक, उत्तर यायला तीन. उरलेले पाच कुठे गेले? आजारी तर नाहीस ना? नसशील तर चांगलं आहे आणि असशील तर वेळेवर औषध घे. आजारी नसून गप्प बसली असशील तर मात्र तुझ्या गप्प बसण्याला काय म्हणायचं ते मी लिहीत नाही.

तुझं म्हणणं मी विसरलेलो नाही. तीन वर्षांपूर्वी याच टेबलाशी बसून तू म्हणालीस, "बाबा, टकळीला माझ्याकडे पाठवा. त्या शाळेत तिचं वाटोळं होईल."

मी म्हटलं, "तू त्याच शाळेत शिकलीस."

"शिकले नाही, निसटले. माझ्या वर्गात अठ्ठावीस पोरं होती. त्यांतल्या किती जणांना आज साधा फॉर्म भरता येतो, विचारा जाऊन."

"आणि तू कशी निसटलीस?"

"परीक्षेने. एका कागदावर माझा आकडा आला, म्हणून कुणाला तरी कळलं की इथे अशी एक मुलगी आहे. तोवर तुमच्या त्या शाळेत मी मेले की जगले, कुणी बघत नव्हतं. आकडा नसला की गरिबाचं पोर दिसतच नाही, बाबा."

आणि मी म्हटलं, "मग जा त्या आकड्याकडेच राहायला," आणि तुझी बॅग उचलून दाराबाहेर ठेवली. बॅग ठेवायला नको होती. बोललो ते बोललो, पण बॅगेला हात लावायला नको होता.

आता रागावलो आहे म्हणून खोटं लिहिणार नाही. तुझ्या वेळचे हेडमास्तर दुसऱ्या तासाला झोपायचे. मी घंटा वाजवताना टोल हळू द्यायचो, त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून. तुम्हा पोरांची वर्षं त्या हळू टोलात गेली, आणि माझी नोकरी सुखाने चालली. तेव्हा शाळा खरोखर लाल होती, लालबुंद. तेव्हा कुणी कागद लावला नाही. नऊ वर्षांपूर्वी या बाई आल्या, त्यांनी शाळा उभी केली, आणि आता कागद लावता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बाई कशा शिकवतात ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. त्यांच्या वर्गात थापा मारायला बंदी आहे. पाटीवर, वहीत, कुठेही उत्तर येत नसेल तर पोराने जागा कोरी सोडायची आणि कोपऱ्यात एक टिंब द्यायचं. टिंब म्हणजे, "बाई, मला हे शिकवा." त्याला कुणी रागावत नाही, कुणी हसत नाही. दुसऱ्या दिवशी बाई ती वही घेऊन त्याच्या शेजारी मांडी घालून बसतात. पण येत नसताना अंदाजपंचे काहीतरी ठोकून दिलं, तर मात्र बोलणी बसतात. "ठोकलेलं उत्तर बरोबर आलं तर मला कळणार कसं की तुला शिकवायचं आहे?" असं त्यांचं म्हणणं. टकळी एकदा वहीभर टिंबं देऊन आली होती. मी म्हटलं, "हे काय, माश्या बसल्या की काय?" तर म्हणते, "आजोबा, उद्या बाई दिवसभर माझ्याच शेजारी बसणार!"

परवा मी टेकडीवरच्या शाळेत गेलो. पोरं पाठवायचीच असली तर जागा तरी बघावी म्हणून. चढावर दोनदा बसलो. त्यांचे मुख्याध्यापक उंच, गोड बोलणारे. म्हणाले, "आजोबा, राग मानू नका, पण तुमची मुलं आमच्याकडे नकोत असं आम्ही लेखी कळवलं आहे. तुमची वीसेक चौथीत आली की आमची सरासरी पाच-सहा मार्कांनी पडेल."

"म्हणजे तुमचे शिक्षक त्या दिवसापासून वाईट शिकवायला लागतील?"

"नाही हो, शिक्षक हेच राहतील."

"वर्ग? फळे? पुस्तकं?"

"सगळं हेच."

"मग पडेल काय?"

ते हसले आणि मला चहा घ्या म्हणाले. मी घेतला नाही. थोरले, याचं उत्तर तू दे. शिक्षक तेच, फळा तोच, आणि पोरं बदलली की शाळेचा रंग बदलतो, तर तुम्ही मोजता काय? शाळा मोजता की पोराचं घर?

बाहेर पडताना तिथला शिपाई भेटला. जुनी ओळख आहे, घंटेची दोरी तुटली की एकमेकांकडून नेतो. त्याला विचारलं, "तुमच्याकडे बत्तीस कसे काढतात रे?" तो म्हणाला, "हुशार आहेत पोरं. शिवाय दोन महिने सराव. कोरं घर ठेवायला बंदी. येत नसेल तर दुसरं वर्तुळ काळं करायचं, पुढे चालायचं. चुकलं तर काही कापत नाहीत ना! सूचनेतच लिहिलंय तसं, पहिल्या पानावर, पोरांना वाचून दाखवायचं असतं. तुमच्याकडे नाही का वाचली?"

आता पाऊस यायची चिन्हं आहेत. कपडे आत घेतो. पत्र इथेच थांबवतो.

तुझा बाप


२ एप्रिल

तुझं पत्र आलं. याला पत्र म्हणायचं असेल तर. छापील कागद, वर कचेरीचं नाव, ना "बाबा", ना खुशाली. एकच ओळ: "चौथीच्या वर्गात चाचणीच्या वेळी कोण बसलं होतं?"

तीन वर्षांनी मुलीचं पत्र येतं आणि त्यात एक ओळ. चौकशीची! मी काय तुझा आरोपी आहे? कोण बसलं होतं म्हणजे काय? बसणारं कुणीतरी बसलं होतं. नियमच तुमचे असे की वर्गाच्या स्वतःच्या बाईंनी तिथे थांबायचं नाही, दुसऱ्या शाळेचा माणूस यायचा. तो आला नाही तर त्याला विचार. त्याची बस चुकली की त्याला ताप आला ते मला माहीत नाही. तुम्हीच त्याला नेमला होता. ज्याने यायचं तो आला नाही, आणि जाब कुणाला विचारायचा, तर खालच्या शाळेला!

आणि तुमच्या प्रश्नपत्रिकेचं काय? टकळीने सांगितलेलं सांगतो. एक उतारा होता, सुट्टीत हॉटेलात राहायला गेलेल्या मुलाचा. त्याच्या खोलीत नाश्ता येतो, त्याला आनंद होतो. आनंद का झाला, चार पर्यायांतला एक निवडा. हॉटेल आमच्या पोरांना माहीत आहे, पण मागच्या दाराने. कारखान्यात येणाऱ्या मळक्या चादरींच्या गाठोड्यांतून. टकळी म्हणते, "आजोबा, खोलीतच खाल्लं तर सांडतं ना? मग ते डाग आई काढते. त्याला आनंद कसा होईल?" सांग, चारांपैकी कुठलं वर्तुळ याचं आहे? तिने ते सोडून दिलं.

सोडून दिलं ते बरोबरच केलं. तिला तसंच सांगितलं होतं.

माझा हात दुखतो आहे. तुझ्या एका ओळीला एवढं उत्तर पुष्कळ झालं.


३ एप्रिल

थोरले,

कालचं पत्र सकाळी टाकलं आणि पेटीत पडल्याबरोबर वाटलं, हात घालून काढून घ्यावं. हात आत जात नाही. प्रयत्न केला. पोस्टातली बाई बघत होती.

तू ती एक ओळ का लिहिलीस ते मला कळलं आहे. तू आमच्या वर्गाचे कागद काढून बघितलेस. बावीस कागद, आणि प्रत्येकावर कोरी घरं आणि कोऱ्या घरांच्या कोपऱ्यात टिंबं. तुमच्या यंत्राला ती दिसली नसतील. तुला दिसली. आणि तुला वाटलं, यांना सूचना कुणी वाचून दाखवली नाही का?

नाही दाखवली. मी बसलो होतो.

दुसऱ्या शाळेचा माणूस आला नाही. मी टकळीला पोचवायला गेलो होतो. घड्याळात दहा वाजत आले. बाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही या खोलीत बसा. काही करायचं नाही. पहिलं पान मोठ्याने वाचायचं, कागद वाटायचे, वेळ झाली की गोळा करायचे." त्यांना स्वतःला नियमाने व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसायचं होतं. मी हो म्हटलं. मी कोट घातला होता. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा मला वर्गात खुर्चीवर बसायला बोलावलं होतं, दाराबाहेरच्या स्टुलावर नाही.

पोरं उभी राहिली. "नमस्ते मामा" म्हणाली. मी पान हातात घेतलं. थोरले, ते पान कुणी लिहिलं? तू लिहिलंस का? एक वाक्य चार-चार ओळींचं. "उपरोक्त", "तथापि", "ग्राह्य". मी पहिलं वाक्य सुरू केलं आणि मध्येच अडकलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच शब्दाला अडकलो. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. बाईंच्या वर्गात कुणी कुणाला हसत नाही, पण मी काही त्यांच्या वर्गातलं पोर नव्हतो, मी मामा होतो, कोट घातलेला. पुढच्या बाकावर टकळी. तिचे ओठ हलत होते. ती मला तो शब्द सांगत होती.

मी पान दुमडलं आणि खिशात घातलं. म्हटलं, "हे सगळं मोठ्या माणसांसाठी आहे. तुम्ही माझं ऐका. जे येतं तेवढंच लिहायचं. येत नाही ते कोरं सोडायचं, बाईंनी शिकवलंय तसं. ठोकाठोकी केलेली मला चालणार नाही." एका मुलाने विचारलं, "मामा, सगळी वर्तुळं भरायची नाहीत?" मी म्हटलं, "तुला सगळी येतात का?" तो म्हणाला, "नाही." "मग?"

आणि मी चाळीस मिनिटं बाकांमधून फिरलो आणि कुणी ठोकतंय का ते बघत राहिलो. इतका कडक पहारा आयुष्यात दिला नाही. टकळीने एक वर्तुळ भरायला पेन्सिल टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "येतंय?" तिने नाही म्हणून मान हलवली आणि पेन्सिल उचलली.

तुझ्या भावाला मी फिरवून विचारलं, चार पर्याय असले आणि डोळे मिटून एक निवडला तर किती बरोबर येतील. तो म्हणाला, चारांत एक. आमच्या पोरांची माणशी बारा तरी घरं कोरी असतील. म्हणजे माणशी तीन मार्क. चौदा अधिक तीन, सतरा. सोळाची रेघ ओलांडून एक वर.

मी शाळा बुडवली. बाईंनी नाही, पोरांनी नाही, तूही नाही. तीन आठवडे तुला शिव्या घालतो आहे, कारण मला स्वतःला घालायच्या होत्या त्या कुणाला तरी घालायला हव्या होत्या. ज्यांना थापा मारू नका म्हणून सांगत होतो, त्यांच्यासमोर उभं राहून मीच थाप मारली. "मला हे वाचता येत नाही" एवढं म्हणालो असतो तर टकळीने एका दमात वाचून दाखवलं असतं. पासष्ट वर्षांच्या माणसाला नऊ वर्षांच्या नातीसमोर ते म्हणता आलं नाही.

बाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं पोरं बावरली. त्या रोज एकेकाला घेऊन विचारतात, "तुला कशाची भीती वाटली?" मामाचं नाव एकानेही सांगितलेलं नाही.


१२ एप्रिल

थोरले,

बाईंना सांगितलं. शाळा सुटल्यावर त्या छोट्या बाकावर बसून फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश खळीच्या डब्यात ठेवला.

मग म्हणाल्या, "मामा, रोज दहा पोरं मला म्हणतात, बाई, हे वाचता येत नाही. मी कधी कुणाला घालूनपाडून बोलले?"

"नाही."

"मग मी तुमचं काय घोडं मारलं होतं, की मला हाक मारली नाहीत? व्हरांड्यात तर होते."

मी म्हटलं, "चूक झाली." त्या म्हणाल्या, "चूक माझी. वाचता येईल का, हे विचारायचं तुमचा मान राखायला मी टाळलं." आणि मग त्या चिडल्या, खरोखर चिडल्या, एक पुस्तक बाकावर आपटलं. "तुम्हाला कळतंय का? जी पोरं खरं बोलली ती नापास झाली. फासे टाकले असते तर ही शाळा चांगली ठरली असती! त्या चौदानेही काही कळत नाही आणि सतरानेही कळलं नसतं."

मी म्हटलं, सुनावणीला उभा राहून मी सगळं सांगतो. त्यांनी नियमाचं पुस्तक उघडून दाखवलं. सूचना वाचली नसेल तर निकाल रद्द, आणि रद्द झालेला निकाल शून्य धरतात. वर, शाळेत नोकरीला नसलेला माणूस खोलीत बसवला म्हणून बाईंवर कारवाई. म्हणजे मी गप्प राहिलो तर चौदा, बोललो तर शून्य. इकडे आड, तिकडे विहीर. त्या म्हणाल्या, "तरी खरं सांगायचंच. पोरांना नऊ वर्षं शिकवलं, येत नाही ते कबूल करा. आता मी स्वतः कोरं घर ठोकून भरू?"

म्हणून मी वीस तारखेला बोलणार आहे. म्हणणं लिहून आणून मोठ्याने वाचावं लागतं म्हणे. टकळी माझ्याकडून रोज वाचून घेते. मी अडखळलो की पेन्सिलने त्या शब्दाच्या कोपऱ्यात टिंब देते आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द घेऊन माझ्या शेजारी बसते. काल सतरा टिंबं होती, आज अकरा. फार कडक आहे. तुझ्यासारखी.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे, आणि ते बाप म्हणून मागत नाही. बॅग बाहेर ठेवली त्या दिवशीच तो हक्क मी घालवला. ते बावीस कागद तुझ्या कचेरीत आहेत. ते घेऊन ये. आम्हाला सतरा दे असं मी म्हणत नाही. फुकटचे तीन मार्क मला नकोत. ते कागद तिथे टेबलावर ठेव आणि कुठली घरं कोरी आहेत ते दाखव. टिंबं मोज. हॉटेलच्या उताऱ्यावर बावीसपैकी किती टिंबं आहेत ते सांग. तिसरीत अक्षर न येणाऱ्या सहा पोरांनी चौथीत किती घरं खरी भरली ते सांग. तू म्हणालीस, आकडा नसला की गरिबाचं पोर दिसत नाही. मला ते पटत नव्हतं. आता निम्मं पटतं. पण आकडा लावूनही ते दिसलं नाही ना, थोरले? त्याने कागदावर टिंब देऊन हाक मारली आणि तुमच्या यंत्राने तिथे शून्य लिहिलं.

तू हे बोललीस तर तुझ्याच यादीवर, तुझ्याच सहीवर बोट ठेवल्यासारखं होईल. वरचे साहेब काय म्हणतील ते मला माहीत नाही. तुझ्या नोकरीची काळजी मला वाटते, रोज वाटते, पण तरी मागतो आहे. त्या अठ्ठावीस पोरांसाठी कुणी आलं नाही, ही तुझी तक्रार होती. ही बावीस आहेत.

सुनावणी वीसला, सकाळी अकरा वाजता, शाळेच्याच मोठ्या खोलीत. उशीर झाला तर मागच्या दाराने आत येता येतं, कडी वरून सैल आहे. बाईंनी खुर्च्या मांडून घ्यायला सांगितलं आहे, एक जास्त मांडतो आहे. येणार असशील तर कळव. येणार नसशील तरी कळव, म्हणजे वाचताना मी दाराकडे बघणार नाही, कागदाकडे बघेन आणि निदान ओळ चुकणार नाही. फक्त लवकर कळव, पोस्टाला तीन दिवस लागतात.

तुझा बाप